पद्मिनीला मारुती ८००चा पंखा: ट्रॅफिकमध्ये तापणाऱ्या गाडीला कितपत उपयोगी?

प्रीमियर पद्मिनी फक्त उभी असताना तापत असेल आणि चालायला लागली की तापमानाचा काटा आपोआप खाली येत असेल, तर मारुती ८००चा इलेक्ट्रिक रेडिएटर फॅन हा तिच्यासाठी पैसे वसूल करून देणारा सुटा भाग आहे. घाटात किंवा हायवेवर ताशी साठ-सत्तरच्या वेगात तापत असेल, तर मात्र त्याने काही साधणार नाही. उलट मूळ दुखणं आणखी काही दिवस झाकलेलं राहील आणि शेवटी हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेड यांच्या मधलं सील) जाईल. फॅन रिकोअरिंगपेक्षा, म्हणजे रेडिएटरचा आतला नळ्या-जाळीचा गाभा (कोअर) बदलण्यापेक्षा, स्वस्त पडतो आणि एका दुपारी बसतो, म्हणून गॅरेजवाले तो सरसकट सुचवतात. घेण्याआधी आपली गाडी नेमकी कोणत्या जातीची तापते हे ओळखायलाच हवं.

ओळखायची रीत सोपी आहे. गाडी पूर्ण गरम झाल्यावर न्यूट्रलमध्ये आयडलवर ठेवा. काटा चढू लागला की अॅक्सिलरेटर दाबून इंजिन साधारण १५०० आरपीएमवर धरा. दोन-तीन मिनिटांत काटा थांबला किंवा उतरला, तर रेडिएटर ठीक आहे, त्याला हवा कमी पडते आहे. तसाच चढत राहिला तर पाणी फिरत नाही, किंवा कोअर चोंदलाय, किंवा टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) मागे गेलंय. हातात इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर वरच्या आणि खालच्या होजजवळ (रबरी नळीजवळ) रेडिएटरच्या टाकीवर रीडिंग घ्या. पण चकचकीत पितळेवर हे यंत्र खोटं रीडिंग देतं, म्हणून तिथे आधी काळी इन्सुलेशन टेप चिकटवा. वर-खाली ८ ते १२ अंशांचा फरक म्हणजे ठीक. दोन्हीकडे जवळपास सारखंच गरम, म्हणजे हवा पाण्यातली उष्णता काढून घेत नाही. फरक २० अंशांच्या वर गेला, तर पाणी रेडिएटरमधून फार हळू सरकतंय. तिथे पंख्याचा विचार सोडून आधी कोअर उघडा.

आता उभ्या गाडीत होतं काय ते पाहू. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन म्हणजे मूळचं फियाट ११००चं. कास्ट आयर्नचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचं हेड, आणि बेल्टवर फिरणारा पंखा. बेल्टवरचा पंखा इंजिनच्या वेगाला बांधलेला असतो. आयडलला इंजिन ७००-८०० आरपीएमवर आलं की पंखाही मंदावतो आणि वॉटर पंपही. नेमकी तेव्हाच समोरून येणारी हवा शून्य असते. आयडलवर असं इंजिन तासाला अंदाजे पाऊण लिटर पेट्रोल पितं. त्यातली साधारण तिसऱ्या हिश्श्याची उष्णता पाण्यात जाते, म्हणजे दोन-अडीच किलोवॅट. हायवेवर पाण्याला याच्या सात-आठ पट उष्णता सोसावी लागते, पण तिथे वारा फुकट मिळतो. अडीच किलोवॅट काढायला, हवा २५ अंशांनी तापू दिली तर, सेकंदाला सुमारे ९० लिटर हवा कोअरमधून जायला हवी. मारुतीच्या पंख्याला हे काम जड नाही. म्हणूनच “आठशे सीसीचा पंखा अकराशेच्या इंजिनला कसा पुरेल” ही शंका गैरलागू आहे. आयडलला दोन्ही इंजिनांची भूक फार वेगळी नसते.

आता मारुतीच्या पंख्याबद्दल. मोटर बंदिस्त असते, पावसाळ्यातल्या चिखलपाण्यात वर्षानुवर्षं तगते, आणि कार्बन ब्रश झिजले तरी चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन ते बदलून देतो. कुठल्याही गावात मिळते हा सर्वांत मोठा गुण. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, पुण्यात नाना पेठेत नवी-जुनी दोन्ही दिसतील. जुनी घेताना तीन गोष्टी पाहा. पातं हाताने फिरवलं की ते सहज, खरखर न करता दोन-तीन फेरे फिरून थांबलं पाहिजे. शाफ्टला वर-खाली ढिलाई नको, कारण बुश गेलेली मोटर जास्त करंट ओढते. आणि बॅटरीवर लावून क्लॅम्प मीटरने करंट मोजा. स्थिर झाल्यावर ६ ते १० अँपिअरच्या दरम्यान यायला हवा. १२-१३ दाखवत असेल तर दुकानातच ठेवून या. पात्यांना तडा असेल तर जोड लावू नका, पूर्ण पातं बदला. फिरताना सुटलेला तुकडा थेट कोअरमध्ये घुसतो.

हा पंखा मागून हवा ओढणारा आहे, म्हणजे त्याची जागा रेडिएटर आणि इंजिन यांच्या मध्ये. पद्मिनीत तिथे आधीच बेल्टचा पंखा बसलेला असतो. दोन्ही एकत्र मावत नाहीत, म्हणून बेल्टचा पंखा काढावा लागतो. तो काढताना पुली राहू द्यायची आणि बोल्ट आखूड घालायचे. जुनेच लांब बोल्ट वापरले तर ते पुलीच्या आत टेकतात किंवा पुली नीट आवळलीच जात नाही. मग कोअरपासून पंपाच्या हबच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. मोटरीची जाडी वजा जाता किमान २० मिलिमीटर शिल्लक हवेत. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, जोरात ब्रेक मारला की पुढे येतं. माउंटिंग खचलेली असतील तर आधी ती बदला, नाहीतर पहिल्याच स्पीडब्रेकरला पुली मोटरीला घासेल.

काही जण हाच पंखा ग्रिलच्या बाजूला लावतात आणि वायरी उलट्या जोडून हवा उलटी फिरवतात. ते करू नका. मोटर उलटी फिरते खरी, पण पात्यांचा बाक उलट दिशेला चुकीचा पडतो आणि हवा बरीच कमी होते. पुढे लावायचाच असेल तर पुढून ढकलणारा चपटा युनिव्हर्सल फॅन वेगळा मिळतो. बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असलेल्या जुन्या गाडीला मी तोच सुचवेन. बेल्टचा मूळ पंखा जागेवर राहतो, इलेक्ट्रिक पंखा फक्त गरजेला मदतीला येतो, आणि तो बंद पडला तरी गाडी घरी पोचते. त्याचा तोटा असा की चालत्या गाडीत तो समोरच्या हवेला आडवा येतो. शिवाय बाजारात मिळणाऱ्या स्वस्त चपट्या पंख्यांच्या मोटरी मारुतीच्या मोटरीच्या तोडीच्या नसतात.

अशा पंख्यांबरोबर कोअरमधून आरपार खुपसायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या येतात. त्या सरळ बाजूला ठेवा. कंपनाने पट्टी नळीवर घासत राहते आणि काही महिन्यांत तिथूनच पाणी पाझरू लागतं. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्यांना पत्र्याचे ब्रॅकेट बोल्ट करून पंखा त्यावर, मध्ये रबर घालून, बसवायचा.

बहुतेक गॅरेजमध्ये श्राउड (पंख्याची ओढ पूर्ण कोअरवर पोचवणारा पत्र्याचा डबा) बनवतच नाहीत, आणि पंखा लावूनही फरक पडला नाही अशी तक्रार बहुधा इथूनच येते. १० इंची पात्याचं वर्तुळ सुमारे ७८ चौरस इंच भरतं. कोअर १४ बाय १४ इंचाचा असेल तर तो १९६ चौरस इंच. म्हणजे श्राउडशिवाय साठ टक्के कोअर नुसता उभा असतो. वीस गेजच्या जीआय पत्र्याचा डबा करून पूर्ण कोअर झाका, पातं कोअरपासून २० ते २५ मिलिमीटर दूर ठेवा आणि पत्र्याची कड कोअरला टेकते तिथे फोमची पट्टी लावा. याहून स्वस्त आणि तितकाच परिणामकारक उपाय म्हणजे रेडिएटर आणि बॉडी यांच्या मधल्या फटी रबरी पट्टीने बुजवणं. उभ्या गाडीत पंख्याने मागे फेकलेली गरम हवा याच फटींतून पुढे येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. चालत्या गाडीत हे होत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

पंखा चालू-बंद करायला डॅशबोर्डवर नुसता खटका देणारे इलेक्ट्रिशियन आहेत. सिग्नलला तो दाबायचं विसरलं की संपलं, आणि सुरूच राहिला तर सकाळी बॅटरी बसलेली. थर्मोस्विच, म्हणजे पाण्याच्या तापमानानुसार आपोआप चालू-बंद होणारा स्विच, हवाच. थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) ८२ अंशांना उघडत असेल तर वरच्या होजमध्ये ९२ला चालू आणि ८७ला बंद होणारा स्विच घ्या. थर्मोस्टॅटच्याच तापमानाचा घेतला तर पंखा कधी थांबणारच नाही. स्विच खालच्या टाकीत बसवायचा असेल तर तिथे पाणी आधीच थंड झालेलं असतं, म्हणून ८२ ते ८८ दरम्यानचा लागतो. पितळी टाकीला आटे असलेला बॉस (स्विच बसवायची कडी) झाळून घेता येतो. ते नको असेल तर होज कापून मध्ये बसवायचा अॅल्युमिनियमचा अॅडाप्टर मिळतो. मात्र एका टर्मिनलचा स्विच अशा अॅडाप्टरवर लावला तर त्याला अर्थिंग मिळत नाही, कारण दोन्ही बाजूंना रबर आहे. अॅडाप्टरवरून वेगळी वायर बॉडीला किंवा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्यायची. नवा स्विच “खराब निघाला” म्हणून परत आणणाऱ्यांनी आधी ही वायर तपासावी. पातळ नळीचा बल्ब होजच्या तोंडात दाबून बसवायचे पंख्याचे थर्मोस्टॅट घेऊ नका. क्लिप कितीही आवळली तरी तिथून थेंब गळतोच.

वायरिंगमध्ये काटकसर केली तर पंखा अर्ध्या ताकदीने फिरतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १०-१५ सेंटिमीटरच्या आत २० अँपिअरचा फ्यूज, तिथून ४ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) ३० नंबरच्या टर्मिनलला, ८७वरून तशीच वायर पंख्याला. ८६ला इग्निशनचा करंट, ८५वरून थर्मोस्विच आणि पुढे अर्थिंग. या दोघांना १ चौरस मिलिमीटर पुरते. रिले ३० अँपिअरचा घ्या, कारण सुरू होताना मोटर क्षणभर चालत्या करंटच्या दुप्पट-तिप्पट ओढते. पंख्यालाही १ चौरस मिलिमीटरची वायर दिली तर जाता-येता चार मीटरमध्ये १० अँपिअरला ०.७ व्होल्ट वायरीतच जातात. ४ची दिली तर ०.२ देखील जात नाहीत. ८७वरून डॅशबोर्डवर एक छोटा दिवा घ्या, पंख्याला करंट जातोय की नाही ते कळतं. डॅशवरचा खटका ठेवायचाच असेल तर थर्मोस्विचला समांतर ठेवा, अडीनडीची सोय म्हणून. सगळं जोडून झालं की पंखा चालू करून ग्रिलसमोर वर्तमानपत्राचं पान धरा. पान ग्रिलला चिकटलं पाहिजे. उडून अंगावर आलं तर वायरी उलट्या आहेत.

आता डायनॅमो. जुन्या पद्मिनींमध्ये अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे, आणि आयडलला डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो तो याचमुळे. आता हिशोब करा. पंखा ८ अँपिअर, इग्निशन कॉइल साडेतीन, ब्रेक दाबून धरला की मागचे दोन २१ वॅटचे दिवे म्हणजे आणखी साडेतीन. दिवसा १५. रात्री ५५ वॅटचे दोन हेडलाइट लागले की नऊ वाढले. पावसात वायपर आले की पंचवीसच्या पुढे, आणि हे सगळं बॅटरीतून. तासभराच्या कोंडीनंतर ३५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत सेल्फ मारायला काही उरत नाही. त्यामुळे डायनॅमोच्या गाडीत बेल्टचा पंखा काढून पूर्ण भिस्त मारुतीच्या पंख्यावर ठेवणं मला मान्य नाही. आधी अल्टरनेटर, मग हा पंखा. अल्टरनेटर आधीच असेल तर आयडलला, पंखा चालू असताना, पंख्याच्या कनेक्टरवर १३ व्होल्ट मिळतात का पाहा.

बऱ्याचदा “गाडी गरम होऊन बंद पडली” म्हणतात तेव्हा काटा मधोमधच असतो. पाणी उकळलेलं नसतं, पेट्रोल उकळलेलं असतं. इंजिनला चिकटलेला एसी पंप (पेट्रोल ओढणारा यांत्रिक पंप) आणि कार्बोरेटर तापतात, पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफ ढकलतो. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी काही न करता सुरू होते, ही त्याची खूण. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आल्यापासून हे वाढलंय, त्याला कारण आहे. इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळतं, आणि पेट्रोलमध्ये मिसळलं की त्यातला बराच हिस्सा त्याहून कमी तापमानाला वाफ होऊ लागतो. इलेक्ट्रिक पंख्याने बॉनेटखाली हवा खेळते, थोडा आराम पडतो, पण उपाय म्हणून तो अपुरा आहे. कार्बोरेटरखाली जाड बेकेलाइटचा स्पेसर, एक्झॉस्ट आणि पंप यांच्या मध्ये पत्र्याची ढाल, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब, हे त्याचं औषध. रस्त्यात अडकलात तर एसी पंपावर ओलं फडकं ठेवा, गाडी सुरू होते.

त्याच पेट्रोलची दुसरी बाजू अशी की साध्या पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई-२०ला साडेतेराच्या आसपास. कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकावर) मिश्रण आठेक टक्के पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. १२०चा मेन जेट असेल तर १२५चा लावून प्लगचा रंग पाहा. आयडलचं मिश्रण स्क्रूने थोडं जाड करा. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होते आणि टायमिंग मागे सरकतं; मागे गेलेल्या टायमिंगची गाडी उभ्या-उभ्या हेड तापवते. पंखा विकत घेण्याआधी फीलर गेज आणि टायमिंग लाइटवर अर्धा तास घालवा. बेल्टही पाहा: दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर १०-१२ मिलिमीटर दबला पाहिजे. वॉटर पंपाच्या खालच्या भोकातून थेंब येत असेल तर सील गेलंय.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला हमखास मिळेल. तो काढल्याने उभ्या गाडीचा प्रश्न सुटत नाही, कारण कमतरता हवेची आहे; वर पावसाळ्यात इंजिन थंड राहतं, पेट्रोल जास्त जातं आणि ऑइलमध्ये पाणी साठतं. रेडिएटरची टोपीही बदलायची तर मूळच्याच दाबाची. एक पीएसआय दाबाला उकळण्याचं तापमान दीड-पावणेदोन अंशांनी वाढतं, म्हणून लोक नव्या गाडीची जास्त दाबाची टोपी लावतात. जुन्या रेडिएटरचे झाळलेले सांधे तो दाब सोसत नाहीत. उलट टोपीचं रबर कडक होऊन दाबच धरत नसेल तर पुण्यात, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, पाणी ९८ अंशांनाच उकळतं. बोअरचं पाणी तर अजिबात घालू नका, क्षार कोअरच्या नळ्यांत बसतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ३० टक्के कूलंट आपल्या हवेला पुरे. इथे गोठायचं भय नाही, आणि कूलंट जास्त झालं तर उष्णता वाहून नेण्याची पाण्याची ताकद कमी होते.

कोंडीत काटा लाल पट्ट्याजवळ गेलाच तर बाजूला घ्या, न्यूट्रलमध्ये १५०० आरपीएमवर दोन-तीन मिनिटं धरा. पाणी बाहेर फेकायला लागली असेल तर मात्र ताबडतोब बंद करा. टोपीला हात लावायचा नाही, रेडिएटर हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं; घाईने थंड पाणी ओतलं तर अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३मध्ये तीही रस्त्यावरून गेली. टॅक्सीच्या जिवावर चालणारा सुट्या भागांचा पुरवठा त्याबरोबर आटत चाललाय. चांगलं हेड आता शोधावं लागतं.

१९७४ पासून ही गाडी पद्मिनी नावाने विकली गेली, म्हणजे सुरुवातीच्या गाड्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठे फेरबदल नकोत. इलेक्ट्रिक पंखा उलटवता येण्यासारखा बसवा: बॉडीला नवीन भोकं पाडू नका, मूळ वायरिंग कापू नका, काढलेला पंखा त्याच्या लांब बोल्टांसकट जपून ठेवा. लांबच्या प्रवासात तो आणि पाना डिकीत असू द्या. मोटर जळली तर रस्त्याकडेला परत चढवता येतो.

बसवून झालं की दुपारच्या उन्हात, बॉनेट बंद करून, गाडी वीस मिनिटं आयडलवर ठेवा. पंखा ९२च्या आसपास लागला, दोन-तीन मिनिटांत बंद झाला आणि हेच चक्र चालत राहिलं, तर काम फत्ते. लागून पुन्हा थांबलाच नाही पण काटा स्थिर राहिला, तर श्राउड आणि फटी पुन्हा तपासा. पंखा पूर्ण फिरत असूनही काटा चढत गेला, तर पंख्याला दोष देऊ नका; रेडिएटर उतरवा आणि रिकोअरिंगवाल्याकडे न्या.